नळाचं काम झालं आणि धार बारीक झाली? टाइल्स फोडण्याआधी हे तपासा

शाहूपुरीतल्या एका घरी बाथरूम नवीन झालं होतं. टाइल्स सुंदर, नळ चकचकीत आणि धार करंगळीएवढी. काकू म्हणाल्या, "दादा, जुना पितळी नळ होता तेव्हा बादली बघता बघता भरायची. आता बादली लावते आणि देवपूजा उरकून येते." आधीच्या मिस्तरीने भिंतीतली लाइन चोक झाल्याचं सांगून टाइल्स फोडायचा दिवसही ठरवला होता. मी पाणी बंद केलं, नळाचा लिव्हर काढला आणि आतलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-अडवणारा छोटा गट्टू, बाहेर घेतलं. त्याच्या थंड पाण्याच्या भोकात कापलेल्या नखासारखी पिवळट चंद्रकोर अडकली होती. पाइप करवतीने कापला की कडेला जो कीस राहतो, तोच हा. त्याला जोडावर लावायच्या टेफ्लॉन पट्टीचा पांढरा दोरा गुंडाळला गेला होता. तो काढला, नळ बसवला, बादली पाऊण मिनिटात भरली.

साताऱ्यात मी २२ वर्षं प्लंबिंग करतोय. नवीन काम झाल्यावर धार कमी होणं ही मला येणाऱ्या फोनांतली सगळ्यात मोठी तक्रार आहे, आणि त्यात टाइल्स फोडायची वेळ खरोखर क्वचितच येते. दोष बहुतेक वेळा नुकतंच काम झालेल्या जागीच असतो. तो शोधायचा नळापासून टाकीकडे, उलट्या दिशेने, आणि डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, मोजून.

आधी बादली आणि घड्याळ

रंगाची रिकामी १० लिटरची बादली घ्या. लिटरच्या बाटलीने मोजून १० बाटल्या पाणी ओता आणि पातळीला मार्करने रेघ मारा. टाकी भरलेली असताना घरातला प्रत्येक नळ एकेकटा पूर्ण उघडून रेघेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा आणि लिहून ठेवा. गरम आणि थंड वेगवेगळं मोजा. मिक्सरचा लिव्हर मध्ये ठेवून मोजलेल्या आकड्यातून काहीच कळत नाही.

नुसत्या गच्चीवरच्या टाकीवर चालणाऱ्या घरात बादलीचा नळ ४५ ते ६० सेकंदांत १० लिटर भरत असेल तर मी त्याला ठीक म्हणतो. दोन मिनिटं लागत असतील तर शोध सुरू करायचा. बेसिनला मिनिटाला ४-५ लिटर पुरतात, तिथे उगाच जीव काढू नका.

आता दुसरी मोजणी. बाथरूमचा नळ चालू ठेवून स्वयंपाकघरातला उघडा. एकेकटा चांगला, पण दुसरा उघडताच पहिल्याची धार निम्म्यावर येते, असं असेल तर दोघांना पाणी देणारी मुख्य लाइन, टाकीचं आउटलेट किंवा तिथला व्हॉल्व्ह अरुंद पडतोय. एकटा असतानाही तो नळ रडतच असेल आणि शेजारचा ठणठणीत असेल, तर दोष त्या नळाच्या चार-पाच फुटांत आहे. फक्त गरम पाणी कमी असेल तर सरळ गिझरकडे जा. सगळ्याच नळांना कमी असेल तर नळ खोलत बसू नका, गच्चीवर जा. एवढ्या मोजणीनेच निम्मं काम होतं.

धार आणि दाब या दोन गोष्टी आहेत

हे समजून घेतलं नाही तर माणूस चुकीच्या जागी पैसे घालतो. दाब येतो उंचीतून. टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या तोंडापेक्षा १० मीटर वर असेल तर दाब सुमारे १ किलो (दर चौरस सेंटीमीटरला), म्हणजे जवळपास १ बार मिळतो. पण आपल्या घरात काय असतं? वरच्या मजल्यावरचा शॉवर आणि गच्चीवर टेकवलेली टाकी यांत जेमतेम ५-६ फूट. म्हणजे दाब ०.२ बारच्याही खाली. टाकी रिकामी होत आली की तोही घटतो.

जुन्या पितळी नळाला एवढा दाब पुरायचा, कारण त्याच्या पोटात मोठं भोक आणि एक वायसर एवढंच असायचं. नवीन सिंगल लिव्हर डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा), मोठा रेन शॉवर यांच्या आत वळणावळणाच्या अरुंद वाटा असतात. अशा बऱ्याच फिटिंगच्या माहितीपत्रकात किमान अर्धा ते एक बार दाब लागतो असं छापलेलं असतं. अर्धा बार म्हणजे १६ फुटांहून जास्त उंची. त्यामुळे तळमजल्यावर तोच शॉवर छान चालतो आणि वरच्या मजल्यावर थेंब थेंब गळतो. इथे मिस्तरीचाही दोष नसतो आणि पाइपचाही. दुकानात फिटिंग घेताना खोक्यावरचा हा आकडा वाचायचा राहिलेला असतो. म्हणून काहीही फोडण्याआधी टाकीच्या तळापासून शॉवरच्या तोंडापर्यंतची उंची टेपने मोजाच.

धार मात्र दाबासोबत वाटेवरही अवलंबून असते. दाब पुरेसा असून वाट अरुंद किंवा अडलेली असेल तरी धार बारीकच पडते. आपल्याला आधी ही अडलेली वाट शोधायची आहे.

नळाच्या तोंडापासून सुरुवात

नळाच्या तोंडाशी फेस आणणारी जाळी असते. हाताने फिरली नाही तर पान्याला फडकं गुंडाळून फिरवा, नाहीतर क्रोमवर दात उमटतात. जाळी काढून नळ चालू करा. धार लगेच वाढली तर दोष सापडला. जाळी उलटी करून धुवा. पांढरा क्षार बसला असेल तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. शॉवरच्या चकतीलाही हाच उपाय.

फरक पडला नाही तर कार्ट्रिज. आधी त्या नळाचा अँगल कॉक (पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथला छोटा कॉक) किंवा लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. बेसिनच्या भोकावर कापड टाका, बारीक स्क्रू तिथेच पडतो. लिव्हरवरची लाल-निळी टिकली सुरीच्या टोकाने अलगद उचला, खालचा स्क्रू एलन कीने सैल करा, लिव्हर काढा, घुमट फिरवा, रिंग सोडा, कार्ट्रिज सरळ वर ओढा. ते कसं बसलं होतं त्याचा फोटो काढून ठेवा. खालच्या भोकांत बघा: कीस, टेफ्लॉन, वाळू, जोडाच्या सोल्युशनचा वाळलेला गोळा, कधी ग्राउटचा खडा. टाचणीने कोरू नका, रबरी रिंगा फाटतात. पाण्याने धुवा, चिमट्याने काढा.

कार्ट्रिज बाहेर असतानाच एक गोष्ट करा, ती बहुतेक जण विसरतात. कार्ट्रिजच्या उघड्या जागेवर उलटा मग धरून व्हॉल्व्ह अर्धा मिनिट सोडा. लाइनमध्ये मागे राहिलेला कचरा बाहेर येतो. हे केलं नाही तर आठ दिवसांत तोच कचरा पुन्हा येऊन बसतो.

अँगल कॉक, कनेक्शन पाइप आणि भिंतीतला कॉक

बेसिनखालचा कनेक्शन पाइप (अँगल कॉकपासून नळापर्यंतची लवचिक नळी) सोडा, तोंड बादलीत धरा आणि अँगल कॉक उघडा. इथे धार जोरात असेल तर दोष वर नळाकडे, नसेल तर अँगल कॉकमध्ये किंवा त्याच्या मागे. काही अँगल कॉकच्या आत जाळी असते, ती गच्च झालेली सापडते. कनेक्शन पाइपचं आतलं भोक मुळातच बारीक असतं. त्यात वायसर दुहेरी बसवला किंवा जास्त आवळल्याने तो आत दबला की वाट निम्मी होते. पाइप वळवून कोंबला असेल तर आतली रबरी नळी चिमटते, बाहेरच्या स्टीलच्या विणीमुळे ते दिसत नाही.

भिंतीतल्या कन्सील्ड स्टॉप कॉकची भानगड वेगळी आहे. टाइल्स लावल्यावर प्लास्टर आणि टाइलची जाडी मिळून कॉक खोल जातो. मग वरचा नॉब टाइलला किंवा फ्लॅंजला (नॉबमागच्या गोल चकतीला) टेकतो. तुम्हाला वाटतं पूर्ण उघडला, पण आतला स्पिंडल (कॉक उघडणारी दांडी) अर्धाच फिरलेला असतो. नॉब आणि फ्लॅंज काढा, नुसता स्पिंडल पक्कडीने हलक्या हाताने उघडून बघा. धार वाढली तर स्पिंडलचं एक्स्टेन्शन लावून घ्यायचं, एवढंच काम. एका घरात हे न बघता भिंत चार फूट खोदलेली मी पाहिली आहे. त्या घरच्यांचा चेहरा आजही आठवतो.

फक्त गरम पाणी कमी येत असेल

गिझरचं बटण नव्हे, एमसीबी खाली पाडा आणि पाणी थंड होऊ द्या. गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी मागे जाऊ न देणारी झडपही त्यातच असते. ती झडप उघडायला थोडा दाब खाते. वरच्या मजल्यावर दाब मुळातच कमी, त्यामुळे फरक जाणवतो. त्यात कीस अडकला असेल तर धार आणखी घसरते. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीकडून गिझरकडे आहे ना ते बघा आणि तो सोडून धुवा. धार वाढावी म्हणून तो काढून टाकू नका, त्याचं गळतीचं तोंडही बंद करू नका. थर्मोस्टॅट बिघडला तर वाढलेल्या दाबाला बाहेर पडायची वाट तीच असते. ती बंद केलेला गिझर फुटतो. हे मी कळकळीने सांगतोय.

बोअरचं पाणी वापरत असाल तर गिझरच्या तोंडाशी क्षाराचा थर बघा. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं.

लाइनला हवा धरणे

कार्ट्रिज धुतलं, कॉक उघडे आहेत, पाइपही ठीक आहे, तरी पाणी येत नाही. अशा वेळी निम्म्याहून जास्त घरांत मला हवा सापडते. म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

टाकीपासून नळापर्यंत पाइप सतत उतरता हवा. बदल करताना काय होतं? पाइप गच्चीवरून नेताना मध्ये पाणी निचऱ्याची पन्हळ येते, तिच्यावरून उडी मारून नेतात. किंवा दरवाजाच्या चौकटीला वळसा घालायला पाइप वर चढवून पुन्हा खाली उतरवतात. त्या उंचवट्यात हवा साचून राहते. मोटरचा दाब असता तर हवा ढकलली गेली असती, पण गच्चीच्या टाकीचा दाब तिला हलवू शकत नाही. काम करताना टाकी रिकामी केलेली असते, लाइन कोरडी पडलेली असते, त्यामुळे हा त्रास काम झाल्या दिवसापासूनच सुरू होतो. नळ उघडल्यावर आधी फुसफुस, मग थोडं पाणी, मग गुडगुड आवाज आणि बारीक धार, ही त्याची खूण.

खात्री करायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी वापरा. एक टोक नळाला क्लिपने घट्ट बांधा, दुसरं टोक खिडकीतून गच्चीवर न्या आणि टाकीशेजारी उंच धरा. नळ उघडा, बाकी सगळे बंद. नळीतलं पाणी सावकाश का होईना, टाकीतल्या पातळीपर्यंत चढलं, तर लाइनमध्ये हवा नाही, वाट अडलेली किंवा अरुंद आहे. पातळीच्या बरंच खाली थांबलं, तर हवा धरली आहे. खर्च शून्य आणि उत्तर स्वच्छ.

हवा काढायला आधी घरातले सगळ्यात खालचे नळ पूर्ण उघडून दहा मिनिटं सोडा. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर उलटं पाणी भरायचं. नगरपालिकेचं पाणी थेट येणारा नळ घरात असेल, तर पाणी सुटण्याच्या वेळेला स्वच्छ नळीने तो नळ आणि अडलेला नळ जोडा. आधी अडलेला नळ उघडा, मग थेट नळ सावकाश सोडा. हवा उलटी जाऊन टाकीत बुडबुडे येतात. वर एकाला उभं करा, बुडबुडे थांबले की तो हाक देईल. मग लगेच थेट नळ बंद करून नळी काढून टाका. ती जोडलेली ठेवू नका, नाहीतर टाकीतलं पाणी उलटं गावाच्या लाइनमध्ये जाऊ शकतं. गरम लाइन असेल तर गिझर बंद हवा, आणि गिझरच्या झडपेतून पाणी उलटं जात नाही हे लक्षात ठेवा. तिथे गिझरचा वरचा जोड सैल करून हवा सोडावी लागते.

हवा पुन्हा पुन्हा धरत असेल तर कायमचा उपाय करा. टाकीच्या आउटलेट व्हॉल्व्हच्या लगेच पुढे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्धा इंची पाइप सरळ वर उभा करा. तो टाकीतल्या सगळ्यात वरच्या पातळीपेक्षा फूटभर उंच हवा, तोंड खाली वळवलेलं आणि त्यावर जाळी. याला आम्ही एअर पाइप म्हणतो. लाइनवर प्रेशर पंप असेल तर मात्र असा उघडा पाइप चालत नाही, तिथे ऑटोमॅटिक एअर व्हॉल्व्ह लावतात. आणि उंचवटा काढता येत असेल तर तोच काढा, ते केव्हाही चांगलं.

गच्चीवर काय बघायचं

टाकीचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहिलाय का, आधी तेच. बॉल व्हॉल्व्हची दांडी पाइपच्या रेषेत हवी. जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर चाक फिरतं, पण आतली पाटी तुटून खालीच पडलेली असू शकते. चाक गोल गोल फिरतंय आणि कुठेच अडत नाही, तर तीच शंका घ्या. आउटलेटच्या तोंडाशी गाळ, शेवाळ, प्लास्टिकची पिशवी हेही बघा. पावसाळ्यानंतर टाकी धुतली नसेल तर तळाला गाळाचा थर असतोच.

नव्याने फिल्टर बसवला असेल तर त्याचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडून धार मोजा. बारीक जाळीचे फिल्टर दाबावर चालायला बनवलेले असतात, टाकीच्या आउटलेटवर ते गळा आवळतात.

पाइपचा आकार: अर्धा इंच म्हणजे किती?

पेठांमधल्या जुन्या घरांत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा) टाकताना हमखास होणारी चूक सांगतो. जुना अर्धा इंची, नवाही अर्धा इंची, म्हणजे बरोबरी झाली असं सगळ्यांना वाटतं. पण जीआयच्या अर्ध्या इंचीचं आतलं भोक सुमारे १६ मिलिमीटर असतं. सीपीव्हीसीच्या अर्ध्या इंचीचा बाहेरचाच व्यास १६ मिलिमीटरच्या आसपास, आत उरतं साडेबारा. आतून गुळगुळीत असल्याचा फायदा मिळतो, तरी एवढा फरक भरून निघत नाही. पाऊण इंची सीपीव्हीसीचं आतलं भोक १८ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि त्यातून तेवढ्याच दाबाला अडीच पटीच्या जवळपास पाणी जातं.

म्हणून टाकीपासून खाली येणारी लाइन एक किंवा सव्वा इंची, बाथरूमपर्यंत पाऊण इंची आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या तीन-चार फुटांत, नळाला लागून. मुख्य लाइनमध्ये मध्येच कुणी अर्ध्या इंचीचा तुकडा किंवा रिड्यूसर (वाट लहान करणारा जोड) घातला असेल तर पुढे कितीही मोठा पाइप टाका, पाणी त्या तुकड्याएवढंच येणार. एल्बोही (काटकोनी वळणाचे जोड) मोजा. अर्ध्या इंचीत एक एल्बो म्हणजे फूट-दीड फूट जादा पाइप घातल्यासारखं. पीपीआर (तापवून जोडायचा प्लास्टिकचा) पाइप असेल तर जोड जास्त तापवल्याने आत प्लास्टिकचा गोळा फुगून वाट बुजलेली असू शकते, ते बाहेरून दिसत नाही.

अर्धी लाइन जुनी जीआय आणि अर्धी नवीन ठेवली असेल तर ठोकाठोकीने जुन्या पाइपातला गंज सुटतो आणि पहिल्या एल्बोत जाऊन बसतो. लाइनच्या टोकाचं बूच काढून पाणी जोरात सोडा. लाल पाणी आणि पापुद्रे आले तर तो जुना भाग बदलायची तयारी ठेवा, साफ करून तो फार दिवस टिकत नाही.

दोष घराबाहेर असेल तर

सातारा उतारावर वसलंय. कास तलावाचं पाणी उताराने येतं, शहापूर योजनेचं उरमोडी नदीतून उपसून. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या आणि खालच्या अंगाच्या घरांत एकाच वेळी सारखा दाब मिळणार नाही. टाकीच भरत नसेल तर मीटरनंतरचा पहिला नळ मोजा आणि शेजाऱ्यांनाही विचारा. मीटरचं सील तोडू नका, पाणीपुरवठा विभागाकडे लेखी तक्रार द्या. गावाच्या लाइनला थेट मोटर लावू नका. ते नियमाबाहेर आहेच, शिवाय तुमच्या मोटरने शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं आणि फुटक्या जोडातून घाण आत येते. जमिनीखाली टाकी बांधा, त्यातून मोटरने वर चढवा.

सगळं तपासलं, तरी दाब कमीच

मग दोनच वाटा. टाकी उंच करणं किंवा प्रेशर पंप. टाकी पाच फूट उचलली तर वरच्या मजल्यावर दाब जवळपास दुप्पट होतो. पण १,००० लिटर पाण्याचं वजन १,००० किलो असतं, म्हणून स्टँडचे पाय बीम-कॉलमवरच यायला हवेत. इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नका. पंप लावायचा तर आधी जुने जोड तो दाब सोसतील का ते बघा. वर्षानुवर्षं शांत असलेला भिंतीतला जोड पंप लावल्यावर आठवड्यात ओल दाखवतो. मी स्वतः पंप सगळ्यात शेवटी सुचवतो. अडलेल्या वाटेवर पंप लावला तर काही दिवस बरं वाटतं आणि मूळ दोष भिंतीत तसाच राहतो.

पुढच्या वेळी काम काढाल तेव्हा मिस्तरीला तीन गोष्टी आधीच सांगा. पाइप कापल्यावर प्रत्येक तोंडाचा कीस आतून-बाहेरून काढायचा. टाइल्स लावण्याआधी लाइन दाबावर तपासायची आणि भिंतीवर टेप धरून फोटो काढायचे. आणि नळ बसवण्याआधी उघड्या तोंडातून दोन बादल्या पाणी वाहू द्यायचं. ते पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर काय काय येतं ते मिस्तरीसोबत उभं राहून बघा, आणि फडकं कोरं निघेपर्यंत पाणी सोडत राहा.